पोरानं माती खाल्ली? पेढे वाटा!

ऐकलंत का? धुळ्याच्या देवपुरातल्या एका बंगल्याच्या गच्चीवर म्हणे ट्रॉलीभर काळी माती चढवलीय. बाग करायला? छे हो! नातवाला लोळवायला. माती आणली थेट शिरपूरकडच्या वावरातून, आणि ती उतरवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला आजोबांनी विचारलं काय, तर "फवारणी केलेली नाही ना?" तो बघतच राहिला. मुलगी बघायला गेल्यावर करतात तशी मातीची चौकशी त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकली.

जळगावकरांनी हसू नये. तुमच्याकडे काय कमी आहे? मेहरूण तलावावर सकाळी फिरणारी मंडळी हल्ली चपला हातात घेऊन चालतात. परवा एका भिशीत साड्या, सोनं आणि सुना हे तिन्ही सनातन विषय बाजूला पडले आणि चहा गार होईपर्यंत चर्चा रंगली ती आतड्यातल्या जीवाणूंवर. आतड्यातल्या! जळगावात! सोन्याचा भाव आभाळाला टेकलेला असताना! कलियुग म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आणि या चर्चा करणाऱ्या कोण? याच त्या, ज्यांनी 2020 साली कोथिंबीर साबणाच्या पाण्यात बुचकळली होती. दुधाच्या पिशव्यांना अंघोळ घालूनच उंबरा ओलांडू दिला होता. नोटांवर इस्त्री फिरवली होती. (तुम्हीही फिरवली होती. नाही म्हणू नका, खाई त्याला खवखवे.) ज्या घरात पोरगं अंगणात नुसतं उकिडवं बसलं तरी "ए, हात नको लावू, जर्म्स!" अशी किंकाळी उठायची, त्याच घरात आता पोरगं संध्याकाळी स्वच्छ दिसलं की सासू सुनेकडे संशयानं बघते. "आज खेळला नाही का गं हा?" पूर्वी मळकं पोर ही आईची नाचक्की होती, आता धुतलेलं पोर ही! बिचाऱ्या सुनेनं करावं तरी काय? पाहुणे यायच्या आधी पोराच्या गुडघ्यांना चार बोटं चिखल फासून ठेवावा?

शाळाही मागे नाहीत. पटांगणावर आधी पेव्हर ब्लॉक बसवले, मग त्यावर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं, फी वाढवली आणि आता 29 जूनला 'मड डे'! सूचना काय, तर पाल्यानं जादा कपडे, टॉवेल आणि सॅनिटायझर आणावं. चिखल शाळेतर्फे. पलीकडच्या झेडपीच्या शाळेत पोरं जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुकटात चिखल तुडवतात, पण त्याचे फोटो कोण काढतो? धुळ्याच्या एका आजींना हा सगळा प्रकार सांगितला, तर त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "हाई काय नवं शे? आमनं आखं न्हानपन माटीमाच गयं!" त्यांना कोण सांगणार की आजी, तुमचं न्हानपन आता विलायती जर्नलात छापून आलंय?

खूळ तिकडूनच आलं, हे काय सांगायला हवं? लंडनच्या डेव्हिड स्ट्रॅचन नावाच्या साथरोगतज्ज्ञानं 1989 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. 1958 च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या 17,414 ब्रिटिश मुलांचा, ती 23 वर्षांची होईपर्यंतचा हिशेब त्याच्याकडे होता. त्यात दिसलं काय, तर घरात थोरली भावंडं जितकी जास्त, तितकी धाकट्याला परागकणांची सर्दी कमी. त्याचा तर्क असा, की थोरल्यांनी बाहेरून आणलेली लागण धाकट्याच्या पथ्यावर पडत असावी. म्हणजे आपल्याकडे सात भावंडांतल्या सातव्याला दादाची चड्डी, ताईचं दप्तर आणि सगळ्यांचा शेंबूड असा तिहेरी वारसा मिळायचा, तेव्हा गल्ली त्याची कीव करायची. आणि लंडन त्याचा हेवा करतंय!

मग बर्लिनची भिंत पडली. म्युनिकच्या डॉ. एरिका फॉन मुटियुस आणि त्यांचे सहकारी दोन्ही जर्मनींतली पोरं तपासून बघायला निघाले. पूर्वेकडची लायपझिग, हाल ही कोळशाच्या धुरानं काळवंडलेली शहरं. तिथली पोरं दम्यानं बेजार असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. निघालं उलटंच. ॲलर्जी आणि दमा जास्त कुणाला, तर म्युनिकच्या चकचकीत घरांतल्या पोरांना! (खोकला आणि ब्राँकायटिस पूर्वेकडे जास्त होता. धूर काही अमृत नव्हे, पण एवढं बारीक कोण वाचतो?)

आणि 2016 साली तर कहर. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी पंथ आहेत. दोघंही युरोपातून गेलेले, रक्त जवळपास एकच, मोठी कुटुंबं, घरात कुत्री-मांजरी ठेवायची चाल दोघांतही नाही. फरक एवढाच, की आमिश अजून घोड्यांनी नांगरतात आणि त्यांचा गोठा घराला खेटून असतो. हटराइटांची शेती यंत्रांची आणि गोठे वस्तीपासून लांब. दम्याचं प्रमाण काय? आमिश पोरांत 5.2 टक्के, हटराइटांत 21.3. संशोधक तेवढ्यावर थांबले असते तर ते संशोधक कसले? त्यांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा करून प्रयोगशाळेत नेली आणि उंदरांच्या नाकात घातली. आमिश धुळीनं उंदरांचा दमा रोखला. हटराइट धूळ नापास!

आता सांगा, धुळ्याच्या माणसानं ही बातमी वाचून काय करावं? एप्रिल-मेमध्ये पांझरेच्या कोरड्या पात्रावरून वावटळ उठली की अख्खं गाव दारं-खिडक्या लावून बसतं. बसायचं का अजून? की बाळ कडेवर घेऊन गॅलरीत उभं राहायचं? एका उत्साही बापानं म्हणे तेही करून झालं, बायकोनं दार आतून लावून घेईपर्यंत. त्याला कोणी तरी सांगा हो, ती आमिशांची धूळ गोठ्याला खेटून असलेल्या घरांतली होती. तिच्यात जीवाणूंच्या कवचांचे कण ठासून भरलेले होते. आग्रा रोडवरच्या डंपरमागून उडते ती खडी आणि डिझेल.

पण गंमत बाजूला, मुळात प्रकरण खोटं नाही. तेच तर दुखणं आहे, खोटं असतं तर आपण दोन दिवसांत हसून मोकळे झालो असतो. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या रोगप्रतिकारशक्तीला ताकद असते, पोच नसते. कोणावर तुटून पडायचं आणि कोणाकडे काणाडोळा करायचा, हे तिला शिकावं लागतं, आणि शिकवतात ते आतड्यात, कातडीवर, नाकात वस्तीला येणारे जीवाणू. आतड्यातले काही जीवाणू अन्नातला चोथा आंबवून जी आम्लं करतात, त्यांच्यामुळे शरीरात 'नियामक टी-पेशी' नावाची मंडळी वाढते. भांडण लावणाऱ्या पेशी शरीरात रग्गड. या भांडण आवरणाऱ्या. त्या शोधल्याबद्दल जपानच्या शिमोन साकागुची यांना दोन अमेरिकनांसह 2025 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. या आवरणाऱ्या कमी पडल्या की शरीर परागकणांशी, गव्हाशी, कधी स्वतःशीच भांडत सुटतं. आणि शिकायचे दिवस मोजके असतात. पोर तीनेक वर्षांचं होईपर्यंत त्याच्या आतड्यातली वस्ती बरीचशी मोठ्यांसारखी होऊन बसलेली असते.

हे कळायला जळगावकरांना आमिशांकडे जायची गरजच काय होती? रावेर-यावलच्या कोणत्याही केळीवाल्याला विचारायचं! टिश्यू कल्चरचं ग्रँड नैनचं रोप प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत वाढतं. निर्जंतुक जेली, गाळलेली हवा, एक बुरशी नाही, एक जीवाणू नाही. दिसायला कसं? हिरवंगार, गोंडस, जाहिरातीतल्या बाळासारखं. ते बाटलीतून उचलून थेट वावरात लावलं तर? मान टाकेल. म्हणून आधी हरितगृह, मग शेडनेट, असं आठवडे न् आठवडे त्याचं 'हार्डनिंग' करतात. पानांना ऊन-वाऱ्याची सवय, मुळांना मातीची ओळख. कोणी सोबतीला ट्रायकोडर्मा किंवा मायकोरायझा देतं, म्हणजे चांगल्या बुरश्या आधी येऊन बसतात. हे सगळं केळीसाठी कळतं हां आपल्याला, चोख कळतं. आणि तोच केळीवाला जळगावात फ्लॅट घेतो आणि नातवाला बाटलीतच ठेवतो!

बरं, एकदा लोकांना वाट सापडली की थांबतात थोडेच? न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावात 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांवर शास्त्रज्ञ अजून नजर ठेवून आहेत. 2016 मध्ये त्यांनी जाहीर केलं, की लहानपणी ना अंगठा चोखणाऱ्या ना नखं कुरतडणाऱ्या सभ्य मुलांत तेराव्या वर्षी 49 टक्के जण कातडीवरच्या ॲलर्जी-चाचणीत सापडले. दोन्ही उद्योग करणाऱ्यांत फक्त 31 टक्के. झालं! पिढ्यान् पिढ्या अंगठ्याला कडुनिंब चोळणाऱ्या आज्या एका रात्रीत आरोपीच्या पिंजऱ्यात. "आई, तुमच्या कडुनिंबामुळे ह्यांना शिंका येतात" असं एका सुनेनं भर जेवणात सुनावलं म्हणे. दमा आणि परागकणांच्या सर्दीत काही फरक दिसला नव्हता आणि संशोधकांनी 'पोरांना नखं खायला लावा' असं कुठेही म्हटलं नव्हतं, हे तिनं वाचलं नसावं. की वाचलं असावं?

स्वीडनवाल्यांनी त्याआधीच, 2013 साली, 184 बाळांचा अभ्यास करून टाकला होता. बाळाची चोखणी खाली पडली की ती उकळत न बसता जे आईबाप स्वतः चोखून परत बाळाच्या तोंडात देतात, त्यांच्या बाळांना दीड वर्षाच्या वयात इसब आणि दम्याची लक्षणं कमी. पाठोपाठ 2015 मध्ये दुसरा शोध: ज्या घरात भांडी यंत्रात न घालता हातानं घासतात, तिथल्या मुलांनाही ॲलर्जी कमी. हे ऐकून आमच्या ओळखीच्या एका घरात दिवाळीत घेतलेल्या डिशवॉशरवर टेबलक्लॉथ टाकून त्याचं टेबल केलंय आणि कामाच्या मावशींना परत बोलावलंय. मावशींनी महिना वाढवून मागितला. का नाही मागणार? त्या आता भांडी थोड्याच घासतात, नातवाची प्रतिकारशक्ती घासूनपुसून देतात!

शेंगदाण्याचं तर विचारूच नका. लंडनमध्ये गिडिऑन लॅक यांनी चार ते अकरा महिन्यांची, ॲलर्जीचा धोका असलेली 640 बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाण्याचं खाणं लवकर सुरू केलं, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत लांब ठेवलं. 2015 साली निकाल लागला: ज्यांनी खाल्लं, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी 81 टक्क्यांनी कमी. हे काही जीवाणूंचं प्रकरण नव्हे, पण ओळख लवकर झाली की भांडण टळतं, एवढं खरं. आता खानदेशात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय शिजतं काय? आपली पोरं तर वाटणाच्या वासातच जन्मतात. तेव्हा कॉलर ताठ करायला हरकत नाही. फक्त बाळाच्या तोंडात अख्खा दाणा कोंबू नका, श्वासनळीत अडकतो. कूट किंवा पातळ वाटण म्हणाले होते लॅकसाहेब, मूठभर खारे दाणे नव्हे.

पण खरी बहार येते ती जन्मवेळेला. महाराष्ट्रात शंभरातली पंचवीस बाळं सिझेरियननं जन्मत होती, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा 2019-21 चा पाचवा फेरा सांगतो. त्यातली कित्येक गरजेची, जीव वाचवणारी, त्याबद्दल कोण काय बोलणार? पण मुहूर्ताची? गुरुजींनी पंचांग उघडायचं, नक्षत्र बघायचं, डॉक्टरांना वेळ कळवायची, बाळाला गुरुपुष्याच्या मुहूर्तावर बाहेर काढायचं. आणि तिसऱ्या दिवशी कोणी तरी फोनवर वाचून दाखवायचं की नैसर्गिक वाटेनं येताना आईचे जे जीवाणू बाळाला मिळतात, ते याला मिळालेच नाहीत! मग रडारड. मग "डॉक्टर, काही करता येईल का?" अमेरिकेत मारिया ग्लोरिया डॉमिंग्वेझ-बेलो यांनी 2016 मध्ये ते करूनही पाहिलं. आईच्या योनीमार्गातला स्राव कापडाच्या पट्टीवर घेऊन सिझेरियनच्या चार बाळांच्या अंगावरून फिरवला. त्यांच्यातले काही जीवाणू थोडेबहुत नैसर्गिक जन्माच्या बाळांसारखे झाले. बाळं मोजून चार, पण जगभरच्या आया पट्ट्या घेऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांच्या संघटनांना ओरडून सांगावं लागलं की बायांनो, घरी करू नका, त्यातून घातक जंतूही जातात. म्हणजे मुहूर्त साधला, ग्रह साधले, जीवाणू तेवढे राहिले! आता त्यांच्यासाठी कोणती शांत करायची, गुरुजी?

आणि जी गोष्ट फुकट, तिच्याकडे कोणाचं लक्ष आहे का? आईच्या दुधात काही साखरा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. बाळाला पचत नाहीत तर त्या तिथे करतात काय? त्या असतात बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जीवाणूंसाठी! बाळाच्या आतड्यातल्या पाहुण्यांची पंगत आई आधीच मांडून ठेवते. आणि आपण? पहिलं पिवळसर चीकदूध 'जड असतं' म्हणून पिळून टाकायचं आणि बाळाच्या जिभेवर मध. तोही सोनं उगाळून, जळगाव आहे ना! मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, वर्षाखालच्या बाळाला तो देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ कंठशोष करून सांगतात. पण पुष्य नक्षत्राला हे सोनं-मध चाटवायला रांग लागते ती लागतेच. आपणही उभे असतो की. वहिनींनी नंबर लावून ठेवलेला असतो, मोडवत नाही.

आता बाटल्यांकडे वळू. हल्ली प्रोबायोटिक नाही असा फ्रीज दाखवा. बाळासाठी थेंब, ताईसाठी कॅप्सूल, बाबांसाठी पिटुकली बाटली. शेजारीच आईनं लावलेलं विरजण हिरमुसून बसलेलं. उन्हाळ्यात कुरडयांसाठी तीन-तीन दिवस गहू भिजत ठेवले की घरभर आंबूस वास सुटतो, बिबड्यांची ज्वारीही तशीच. तेव्हा याच घरातली तरुण मंडळी नाकाला रुमाल लावून फिरायची. आता तोच वास कोरियन नावाच्या बरणीत भरून आला की "वॉव, फर्मेंटेड!" यातही नवं काही नाही म्हणा. इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये आंबट दूध आयुष्य वाढवतं असं सांगितलं आणि लोक त्यासाठी वेडे झाले. त्याला 1908 साली नोबेल मिळालं ते वेगळ्याच कामासाठी, पण लोकांनी ते दह्याच्या खात्यावर जमा केलं असणार. तेव्हाही पी हळद नि हो गोरी, आताही.

आणि ज्या हातात प्रोबायोटिकची कुपी, त्याच हातात मेडिकलवाल्याची चिठ्ठी! पोराला दोन शिंका आल्या की "डॉक्टर, जरा स्ट्राँग लिहा, परवा लग्नाला जायचंय." डॉक्टर म्हणतात, व्हायरल आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, चार दिवस थांबा. थांबतो कोण? डॉक्टर बदलतो. तेही नाही जमलं तर चौकातल्या ओळखीच्या दुकानातून मागच्या वेळची बाटली. तान्हेपणी अँटिबायोटिक जितकं जास्त, तितका पुढे दम्याचा धोका वाढलेला दिसतो, हे एकामागून एका पाहणीत आलंय. गरज असेल तेव्हा ते जीव वाचवतं, हेही तितकंच खरं. पण आपली रीत न्यारी. सकाळी जीवाणूंची वस्ती वसवायची, दुपारी तिच्यावर बुलडोझर, संध्याकाळी पुन्हा भूमिपूजन. मेडिकलवाला मात्र दोन्ही वेळा हसून नमस्कार करतो.

चिडचिड होते ती अशासाठी, की खऱ्या कामाची गोष्ट या गोंगाटात हरवते. ओडिशातल्या खेड्यांत 4,556 नवजात बाळांवर डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी केली. 2017 मध्ये ती 'नेचर'मध्ये आली. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा एक नेमका जीवाणू, सोबत त्याला लागणारी साखर, फक्त सात दिवस. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांच्यात जंतुसंसर्गानं गंभीर आजारी पडणं किंवा मृत्यू 9 टक्के. ज्यांना दिलं त्यांच्यात 5.4. ही खरी बातमी. नेमका जीवाणू, नेमकी बाळं, नेमका काळ. यातलं कोणतं कलम फ्रीजमधल्या बाटलीला लागू पडतं? पण बाटलीवर हसऱ्या बाळाचं चित्र आहे ना, मग झालं.

कहराचा कळस ऐकायचाय? जेवून बसला असाल तरच ऐका. कॅलिफोर्नियात राहणारा जॅस्पर लॉरेन्स नावाचा इंग्रज दमा आणि ॲलर्जीनं पिडलेला. त्यानं वाचलं की पोटात हुककृमी असलेल्यांना दमा कमी. गडी उठला, विमानानं आफ्रिकेत कॅमेरूनला गेला आणि उघड्यावरच्या शौचाच्या जागी अनवाणी फिरला! कृमी तळपायातून शिरावेत म्हणून! शिरले. मग परत येऊन त्यानं कृमी विकायचा धंदा काढला आणि गिऱ्हाइकंही मिळाली. डॉलर मोजून जंत! इकडे 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिनी आपल्या अंगणवाडीताई गोळी घेऊन पोरांच्या मागे धावतात आणि पोरं बाकाखाली लपतात. डुकरांतल्या कृमींची अंडी पाजून आतड्याचा दाह बरा करायच्या मोठ्या चाचण्या पुढे फसल्या, पण श्रद्धेला चाचणी लागते थोडीच?

इथे ग्रॅहम रूक नावाच्या लंडनच्या प्राध्यापकाचं म्हणणं ऐकायला हवं होतं. ते 2003 पासून सांगताहेत, की घाण आणि रोगराई म्हणजे आपले मित्र नव्हेत. मित्र ते, जे माणसाबरोबर युगानुयुगं राहिले: माती, जनावरं, आई, भावंडं यांच्याकडून येणारे. गटारीतलं पाणी, गोवर, कॉलरा यांनी पोरं शिकत नाहीत, मरतात. सातपुड्याच्या पाड्यांवर दूषित पाण्यानं वारंवार जुलाब होणाऱ्या पोरांना कोणी 'एक्स्पोजर मिळालं, नशीबवान आहेत' म्हणून दाखवावं. त्यांची वाढ खुंटते, आतडी अन्न शोषत नाहीत. पण आपल्याला अर्धं वाक्य आवडतं. 2020 मध्ये सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक, आधी पुण्याच्या एनसीसीएसचे संचालक असलेले शेखर मांडे आणि दोन सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक देशांचे आकडे ताडून लिहिलं, की जिथे स्वच्छतेच्या सोयी चांगल्या तिथे कोविडचे मृत्यू जास्त दिसतात. त्यांनी हेही लिहिलं, की म्हणून स्वच्छता सोडा असं आम्ही म्हणत नाही. कोणतं वाक्य फॉरवर्ड झालं? "आपण भारतीय, आपल्याला काही होत नाही" असं खाली जोडून? आणि मग 2021 चा एप्रिल आला. त्या दिवसांत ते फॉरवर्ड कोणी डिलीट केलं, कोणी नाही, ते ज्याचं त्याला माहीत.

जाऊ द्या. नव्यानं दीक्षा घेतलेल्यांकडे परत येऊ, त्यांच्याइतकी करमणूक दुसरीकडे नाही. 'लेट देम ईट डर्ट' नावाचं पुस्तक 2016 साली कॅनडाच्या ब्रेट फिनले आणि मारी-क्लेअर अरिएटा यांनी लिहिलं. त्यांच्या चमूला तीन महिन्यांच्या बाळांच्या विष्ठेत चार प्रकारचे जीवाणू कमी दिसले, तर त्यांच्यात पुढे दम्याचा धोका जास्त आढळला. म्हणजे बराचसा खेळ पहिल्या शंभर दिवसांच्या आसपासचा. आणि आपल्याकडे मातीत लोळतंय कोण? पंचेचाळिशीतले काका! कृषी पर्यटन केंद्रावर माणशी पैसे भरून चिखलस्नान, मग अंगाला शेण, मग शॉवर, मग वरण-बट्टी. "आतून हलकं वाटतंय" म्हणतात. वाटणारच, खिसा हलका झालाय. बैल गेला अन् झोपा केला! नियामक टी-पेशींचं काकांच्या बाबतीत काय ठरायचं ते इंदिरा गांधींच्या काळातच ठरून गेलंय. पण काकूंनी फोटो काढला, आपण अंगठा दाखवला आणि पुढच्या रविवारची चौकशीही करून ठेवली. केली ना?

आता मंडळी गायीच्या शोधात आहेत. कारण स्वीडनच्या 2015 च्या पाहणीत, पहिल्या वर्षी घरात कुत्रं असलेल्या मुलांना शाळेच्या वयात दमा 13 टक्के कमी निघाला, आणि गोठ्यातल्या जनावरांजवळ वाढलेल्यांना तब्बल 52 टक्के. कुत्रं 13, गाय 52! मग काय, दोन गाड्या भरून सगळे चोपड्याकडच्या एका गावी, लांबच्या नात्यात. गोठा होता. आत दोन मोटरसायकली, एक फवारणी पंप आणि बंद पडलेला कूलर. बैल विकून ट्रॅक्टर घेतलाय, दूध पिशवीचं येतं. घरातली वहिनी बाळाला घेऊन बाहेर आली आणि पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी तिनं विचारलं, "ताई, तुम्ही शहरातल्या, ते जीवाणूंचे थेंब कोणत्या कंपनीचे चांगले हो?" सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कोणी तरी म्हणालं, गोशाळेत जाऊ, तिथे गायी नक्की असतील. होत्या, चांगल्या चाळीसेक. फाटकावर पाटी: 'हात स्वच्छ धुऊनच आत यावे.' खाली नळ, साबण आणि सॅनिटायझरचा पंप. सगळ्यांनी धुतले. दोनदा.